नवे कार्ड, जुनी विंडोज आणि हरवलेला दुभाषा

शाळेच्या कार्यालयातला किंवा प्रयोगशाळेतला जुना संगणक एक दिवस कायमची मान टाकतो. त्यावर विंडोज एक्सपी होती. एक्सपीवर चालणारे एक मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर होते आणि शाळेच्या वार्षिक अंकाची दहा वर्षांची पाने त्यातच तयार झालेली होती. किंवा तापमान आणि प्रकाश मोजणाऱ्या एखाद्या उपकरणाचा प्रोग्रॅम त्यावर होता आणि ते उपकरण बनवणाऱ्या कंपनीने केव्हाच गाशा गुंडाळलेला आहे. मग दुसरा संगणक येतो. नवा कोरा नव्हे, पण जुन्याच्या मानाने बराच नवा. कोणीतरी खटपट करून जुन्या सीडीवरून एक्सपी त्यावर चढवतो. ती चढतेही, पण पडद्यावर जे दिसते ते पाहून सगळे हिरमुसतात. चिन्हे लाडवाएवढी, छायाचित्रांवर रंगांचे ढोबळ पट्टे, आणि खिडकी माऊसने सरकवली की ती पायरीपायरीने रखडत पुढे जाणार. ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडला तर ‘व्हिडिओ कंट्रोलर’ या नावापुढे पिवळे प्रश्नचिन्ह.

“ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळत नाही” असे निदान होते, आणि ते बरोबरच असते. पण मिळत नाही म्हणजे काय? तो हरवला आहे, लपवला आहे, की मुळात कोणी लिहिलाच नाही? या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. हा फरक न कळल्यामुळे लोक दिवसेंदिवस शोधत राहतात आणि शेवटी कुठल्यातरी भलत्या ठिकाणाहून भलतीच फाईल उतरवून घेतात. म्हणून आधी ड्रायव्हर काय काम करतो ते पाहू.

पडद्यावरचे चित्र येते कोठून?

पडद्यावरचे चित्र म्हणजे बिंदूंची जाळी. प्रत्येक बिंदूचा रंग एका संख्येने ठरतो आणि या सर्व संख्या स्मृतीच्या एका भागात ओळीने मांडलेल्या असतात. ग्राफिक्स कार्ड हा भाग सेकंदाला साधारण ६० वेळा वाचून पडद्याकडे पाठवते.

१९८७ साली आयबीएमने पीएस/२ या संगणकांबरोबर व्हीजीए ही पद्धत आणली. तिच्यात ६४० आडवे आणि ४८० उभे, म्हणजे ३,०७,२०० बिंदू आणि १६ रंग दाखवता येत. १६ रंगांतला एक निवडायला ४ बिट लागतात, तेव्हा पूर्ण चित्राला १,५३,६०० बाईट पुरतात. आजच्या सर्वसाधारण पडद्यावर १९२० बाय १०८० म्हणजे २०,७३,६०० बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला ४ बाईट लागतात. एका चित्राला झाले ८२,९४,४०० बाईट. सेकंदाला ६० चित्रे नव्याने रंगवायची ठरवली तर जवळजवळ ५० कोटी बाईट दर सेकंदाला हलवावे लागतील. हा हिशेब आठवी-नववीच्या मुलांकडून वर्गात करून घेण्यासारखा आहे. घाताकांची ओळख असली की झाले. २ चा चौथा घात १६, आठवा २५६, चोविसावा १,६७,७७,२१६. फोटोत पट्टे का दिसतात याचे उत्तर या तीन आकड्यांत आहे.

५० कोटी बाईट हलवण्याचे ओझे मुख्य प्रोसेसरवर टाकले तर त्याला दुसरे काही सुचणार नाही. म्हणून ग्राफिक्स कार्डावर स्वतःचा प्रोसेसर असतो. ‘हा चौकोन इथून उचलून तिथे ठेव’, ‘हा त्रिकोण या रंगाने भर’ अशा आज्ञा त्याला दिल्या की बाकीचे काम तो स्वतः उरकतो. आता मेख अशी, की या आज्ञा कोणत्या भाषेत द्यायच्या ते प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते. इंटेलच्या चिपची भाषा एन्व्हिडियाच्या चिपला कळत नाही. इतकेच काय, एकाच कंपनीच्या दोन पिढ्यांच्या भाषाही वेगळ्या असतात.

मात्र व्हीजीएची ती जुनी, तोकडी भाषा पुढच्या काळातल्या बहुतेक सर्व कार्डांनी सांभाळली. व्हेसा या उत्पादकांच्या संघटनेने तिच्यात थोडी भर घातली, त्यामुळे जास्त बिंदू आणि जास्त रंग मिळू लागले. ड्रायव्हर नसताना विंडोज याच सामाईक भाषेत बोलते. चित्र दिसते, पण कार्डावरचा प्रोसेसर बसून राहतो आणि सगळी हमाली मुख्य प्रोसेसर करतो. खिडकी रखडत सरकते ती यामुळे. संगणक बिघडलेला नसतो.

दोन भाषा येणारा माणूस

ड्रायव्हर हा दुभाषा आहे. एका बाजूला विंडोज, दुसऱ्या बाजूला चिप. दुभाष्याला दोन्ही भाषा यायला हव्यात, आणि आपली अडचण नेमकी इथे आहे. एक्सपीची भाषा जाणणारे दुभाषे पुष्कळ झाले. २०२० सालच्या चिपची भाषा जाणणारेही आहेत. पण एक्सपीचीही आणि २०२०च्या चिपचीही भाषा जाणणारा दुभाषा कोणी तयारच केला नाही. जो लिहिलाच नाही तो शोधून कसा सापडणार?

चिपच्या बाजूची भाषा बदलते हे उघड आहे. विंडोजच्या बाजूची भाषाही बदलली, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हा बदल मोठा होता आणि त्याचा इतिहास थोडा सांगण्यासारखा आहे.

१९९६ साली विंडोज एनटी ४ तयार करताना मायक्रोसॉफ्टने चित्रे काढण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात हलवले. गाभा म्हणजे जिथे चालणाऱ्या प्रोग्रॅमला संगणकात कोठेही हात घालता येतो ती जागा. त्यामुळे वेग वाढला. पण गाभ्यातल्या प्रोग्रॅमने चूक केली की तिला अडवणारे कोणी नसते. सगळा संगणकच कोसळतो आणि निळा पडदा येतो. २००१ साली आलेल्या एक्सपीत हीच रचना होती. ग्राफिक्सचे ड्रायव्हर लाखो ओळींचे असतात आणि एवढ्या मोठ्या प्रोग्रॅमात चुका राहणारच.

जानेवारी २००७ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टने ही रचना मोडली. ड्रायव्हरचे दोन तुकडे केले. मोठा तुकडा गाभ्याबाहेर काढला आणि छोटा तेवढा आत ठेवला. कार्डाची स्मृती अनेक प्रोग्रॅमना वाटून देण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टिमने आपल्याकडे घेतले. शिवाय एक पहारेकरी बसवला. कार्डाने २ सेकंद उत्तर दिले नाही, तर ते अडकले असे समजून त्याला पुन्हा सुरू करायचे. पडदा क्षणभर काळा होऊन ‘ड्रायव्हर थांबला होता, आता पूर्ववत झाला’ असा निरोप आपण कधीतरी पाहिला असेल. तो या पहारेकऱ्याचा. एक्सपीमध्ये अशा वेळी बहुधा निळा पडदाच नशिबी येई.

नवी रचना चांगली होती, पण ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सगळे नव्याने लिहावे लागले. त्याचे परिणाम लोकांनी भोगले. २००८ साली अमेरिकेतल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली. व्हिस्टा कोसळल्याच्या २००७ मधल्या नोंदींपैकी सुमारे २९ टक्के एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरांकडे बोट दाखवत होत्या. एवढी अनुभवी कंपनी, पण तिचीही ही गत झाली. यावरून दोन गोष्टी समजतात. एक, ड्रायव्हर लिहिणे सोपे नाही. दोन, एकदा नव्या रचनेसाठी हे कष्ट उपसल्यावर जुन्या रचनेसाठी तेच कष्ट पुन्हा करायला, आणि ग्राहक कमी होत असताना करायला, कंपन्या फार काळ तयार राहत नाहीत.

दरवाजे कधी बंद झाले?

आपल्या कार्डाला जुना ड्रायव्हर मिळण्याची आशा आहे की नाही, हे बहुतेक वेळा सालावरूनच कळते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. ग्राफिक्सच्या कंपन्या कोणी त्याआधी, कोणी थोड्या नंतर थांबल्या. इंटेलच्या प्रोसेसरमध्येच जे ग्राफिक्स असते, त्याला एक्सपीचे ड्रायव्हर २०१२ सालच्या आयव्ही ब्रिज या पिढीपर्यंत मिळाले. २०१३ मध्ये आलेल्या हॅसवेल या पिढीला मिळाले नाहीत. दोन्ही पिढ्यांचे संगणक शेजारी ठेवले तर बाहेरून काहीही फरक दिसणार नाही, पण एकावर एक्सपी झकास चालेल आणि दुसऱ्यावर लाडवाएवढी चिन्हे दिसतील. एन्व्हिडियाने एक्सपीसाठी ड्रायव्हर काढणे २०१६ मध्ये बंद केले. त्याच वर्षी आलेल्या जीटीएक्स १०८० आणि तिच्या भावंडांना एक्सपीचा ड्रायव्हर कधीच मिळाला नाही.

विंडोज ७ची कथा हीच, फक्त साले पुढची. तिची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजी संपली. एन्व्हिडियाने तिच्यासाठी नियमित ड्रायव्हर २०२१च्या ऑगस्टपर्यंत दिले. म्हणून २०२०च्या शेवटी आलेल्या आरटीएक्स ३० मालिकेला विंडोज ७चा ड्रायव्हर आहे आणि २०२२च्या ४० मालिकेला नाही. यातही एक पोटभेद आहे. ३२ बिटांच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ड्रायव्हर काढणे एन्व्हिडियाने २०१८ मध्येच थांबवले. तेव्हा ‘विंडोज ७ साठी आहे’ एवढे वाचून हुरळून जाऊ नये, ३२ की ६४ हेही पाहावे.

नावावर जाऊ नका, क्रमांक पाहा

कार्डाच्या खोक्यावर छापलेले नाव विक्रीसाठी असते. ते फसवे असू शकते. २०१४ साली एन्व्हिडियाने जीटी ७३० या नावाखाली दोन वेगवेगळ्या पिढ्यांच्या चिप विकल्या. काही कार्डांत फर्मी पिढीची चिप होती, काहींत तिच्यानंतरच्या केप्लर पिढीची. फर्मीची नियमित देखभाल २०१८ मध्ये थांबली, केप्लरची २०२१ मध्ये. म्हणजे नाव एक आणि आयुष्ये दोन. याच्या उलटही होते. २०१६ साली बाजारात आलेले जीटी ७१० हे कार्ड नव्यासारखे वाटते, पण त्याच्या पोटातली केप्लर चिप २०१३ची आहे. त्यामुळे त्याला एक्सपीचाही ड्रायव्हर आहे! जुन्या संगणकांची हौस असणाऱ्या मंडळींत हे साधे, स्वस्त कार्ड लोकप्रिय झाले ते यामुळे.

मग चिपची खरी ओळख कशी पटवायची? इंटेलने १९९२ साली पुढे आणलेल्या पीसीआय पद्धतीत त्याची सोय आहे. प्रत्येक उपकरणात दोन क्रमांक कायमचे कोरलेले असतात. पहिला उत्पादकाचा, दुसरा त्या विशिष्ट उपकरणाचा. दोन्ही १६ बिटांचे, म्हणजे प्रत्येकी ६५,५३६ शक्यता, आणि दोन्ही षोडशमान पद्धतीत चार चिन्हांनी लिहितात. एन्व्हिडियाचा क्रमांक १०डीई. एएमडीची कार्डे आजही १००२ हा क्रमांक बाळगतात. तो मूळचा एटीआय या कंपनीचा आणि एएमडीने ती कंपनी २००६ मध्ये विकत घेतली. कंपनीचे नाव पुसले गेले, क्रमांक राहिला. इंटेलने आपल्यासाठी ८०८६ हा क्रमांक घेतला. १९७८ साली आलेल्या तिच्या प्रसिद्ध प्रोसेसरचे हेच नाव. गणिताच्या तासाला षोडशमान पद्धत कशासाठी शिकायची, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला दाखवायला हे उदाहरण चांगले आहे.

हे क्रमांक पाहायला पेचकस लागत नाही. ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये त्या उपकरणाच्या ‘प्रॉपर्टीज’ उघडाव्यात, ‘डिटेल्स’ पानावर जावे आणि ‘हार्डवेअर आयडी’ निवडावा. पिवळे प्रश्नचिन्ह असतानाही तो दिसतो, कारण ओळख सांगायला ड्रायव्हर लागत नाही. वर सांगितलेल्या जीटी ७१०च्या एका प्रचलित प्रकारात उत्पादकाच्या खुणेपुढे १०डीई आणि उपकरणाच्या खुणेपुढे १२८बी असे आढळते. हे दोन क्रमांक, विंडोजची आवृत्ती, ३२ की ६४ बिट आणि कोणता सर्व्हिस पॅक, एवढे कागदावर लिहून घ्यावे. शोधाचे निम्मे काम तिथेच झाले.

उरलेले निम्मे काम या क्रमाने करावे. प्रथम चिप बनवणाऱ्या कंपनीचा जुन्या ड्रायव्हरांचा साठा. मग, विशेषतः लॅपटॉप असेल तर, लॅपटॉपच्या कंपनीचे पान. तिसरे ठिकाण मायक्रोसॉफ्टचा ‘अपडेट कॅटलॉग’. तिथे हार्डवेअरचा क्रमांक टाकूनच शोधता येते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘तुमचे सर्व ड्रायव्हर एका क्लिकमध्ये शोधून देतो’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमांपासून मात्र चार हात दूर राहावे. ड्रायव्हर हा गाभ्यात शिरणारा प्रोग्रॅम आहे हे वर आलेच. घराची किल्ली अनोळखी माणसाला देण्यासारखेच ते आहे.

फाईल उघडून वाचा

ड्रायव्हरच्या संचात एक फाईल अशी असते जी कोणालाही वाचता येते. तिच्या नावाचा शेवट ‘आयएनएफ’ असा असतो आणि ती साध्या ‘नोटपॅड’मध्ये उघडते. तिच्यात हा ड्रायव्हर कोणकोणत्या क्रमांकांच्या उपकरणांसाठी आहे त्याची यादी असते. ड्रायव्हर बसवताना विंडोज कार्डाचा क्रमांक विचारते, तो या यादीत शोधते आणि सापडला तरच पुढे जाते. तेव्हा एखादा ड्रायव्हर आपल्या कामाचा आहे का, हे बसवून पाहण्याची गरज नाही. फाईल उघडून आपला क्रमांक शोधला की उत्तर मिळते. चाणाक्ष विद्यार्थ्याला हे काम द्यावे, तो खूश होतो.

इथे एक मोह होतो. यादी साध्या अक्षरांत आहे, मग आपला क्रमांक आपणच तिच्यात लिहिला तर? लोक असे करतात आणि कधी कधी ते चालतेही. एन्व्हिडियाच्या शेवटच्या एक्सपी ड्रायव्हरच्या यादीत जीटीएक्स ९६० आहे, पण जीटीएक्स ९८० नाही. ही दोन्ही कार्डे मॅक्सवेल या एकाच पिढीची. ड्रायव्हरला त्या पिढीची भाषा येतच होती, फक्त दारावरच्या यादीत नाव नव्हते. क्रमांक भरल्यावर ९८० चालू लागले. हीच युक्ती पुढच्या पिढीच्या जीटीएक्स १०८० वर लागू पडत नाही. यादीत नाव घालून आपण दारवानाला गप्प करू शकतो, दुभाष्याला नवी भाषा शिकवू शकत नाही.

आणि यादीत खाडाखोड करण्याची किंमतही आहे. ड्रायव्हरच्या संचावर उत्पादकाची अंकीय सही असते. फाईलमधले एक अक्षर बदलले तरी ती सही जुळत नाही. ३२ बिटांची एक्सपी फार तर इशारा देते आणि पुढे जाते. ६४ बिटांच्या व्हिस्टापासून पुढे मात्र सही न जुळणारा ड्रायव्हर सहसा आत घेतला जात नाही. ही तपासणी बंद करण्याचे मार्ग आहेत, पण ती बंद केलेला संगणक शाळेच्या जाळ्यात जोडून ठेवणे मला तरी पटत नाही.

सहीचाच एक वेगळा घोटाळा विंडोज ७ वर होतो आणि तो फार गोंधळात टाकतो. ड्रायव्हर बरोबर असतो, यादीत क्रमांक असतो, कोणी खाडाखोड केलेली नसते, तरीही विंडोज सही ओळखत नाही म्हणते. कारण नव्या ड्रायव्हरांवर शा-२ नावाच्या अधिक सुरक्षित पद्धतीने सही केलेली असते आणि मूळ विंडोज ७ला ती वाचता येत नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये दिलेली त्यासाठीची दुरुस्ती आधी बसवावी लागते. जुन्या सीडीवरून ताजी विंडोज ७ चढवणारा नेमका इथे अडकतो आणि दोष ड्रायव्हरला देतो.

सामाईक भाषाही गेली तेव्हा

काही नाही तर निदान व्हीजीएची तोकडी भाषा आहेच, असे आपण वर म्हटले. अगदी अलीकडच्या संगणकांवर हेही खरे राहिलेले नाही. संगणक सुरू होताना चालणाऱ्या बायॉस या मूळ प्रोग्रॅमाची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली. तिच्यात पडद्यावर चित्र दाखवण्याची सोय आहे, पण ती वेगळ्या प्रकारची आहे. बरीच वर्षे संगणकांत दोन्ही सोयी ठेवलेल्या असत. इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केले, की २०२० पर्यंत आपल्या बाजूने जुन्या बायॉसची सोय काढून टाकू. विंडोज ७ मात्र सुरू होताना जुन्या बायॉसच्या चित्रसेवेला हाक मारतेच. हाकेला ओ देणारे कोणी नसले की ती आपले बोधचिन्ह दाखवत गोठून बसते. अशा वेळी ड्रायव्हर शोधण्यात अर्थ नसतो, कारण तो वाचण्याची पाळीच येत नाही. आधी संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ असा पर्याय आहे का, ते पाहावे. नसेल तर त्या संगणकाचा नाद सोडावा हे बरे. शिवाय ग्राफिक्स हे एकच दुखणे नसते. विंडोज ७ला यूएसबी ३ स्वतःहून कळत नाही, त्यामुळे काही संगणकांवर ती चढवतानाच माऊस आणि की-बोर्ड मुके होतात.

कार्ड बदला, खरे किंवा खोटे

आतापर्यंत आपण कार्ड कायम धरले आणि ड्रायव्हर शोधला. प्रश्न उलटा करून पाहू. ड्रायव्हर कायम धरला आणि त्याला साजेसे कार्ड आणले तर?

मेजावरच्या संगणकात हे सहज जमते. पीसीआय एक्सप्रेसची खाच २००४ च्या सुमारास संगणकांत आली, आणि तिची मूळ घडण तेव्हापासून तीच आहे. नवी खाच जुन्या कार्डाशी जुळवून घेते. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वीचे एखादे साधे कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुन्या मालात मिळाले, की कित्येकदा काम भागते. फक्त घेण्यापूर्वी चिपची पिढी विचारावी, नुसते नाव नको. लॅपटॉपमध्ये हा मार्ग बहुधा बंद असतो.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण त्यात मूळ प्रश्नच विरघळून जातो. नव्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिमच ठेवायची आणि तिच्यात एक आभासी संगणक चालवायचा. हा संगणक म्हणजे एक प्रोग्रॅम, पण त्याच्या आत बसलेल्या एक्सपीला तो खराखुरा वाटतो. तिने कार्डाचा क्रमांक विचारला की हा प्रोग्रॅम खोटा क्रमांक सांगतो. क्यूएमू या मुक्त प्रोग्रॅमला सांगितले तर तो सिरस लॉजिक या कंपनीच्या नव्वदीच्या दशकातल्या एका कार्डाचे सोंग घेतो. त्या कार्डाचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीवर आधीपासूनच असतो, त्यामुळे शोधायचे काही उरत नाही. जुने खेळ चालवणारा डॉसबॉक्स एस३ कंपनीच्या त्याच काळातल्या कार्डाचे सोंग घेतो. व्हर्च्युअलबॉक्सने तर कमालच केली. त्याच्यातले एक कार्ड कुठल्याही कारखान्यात कधी बनलेलेच नाही. ज्यांनी ते कल्पिले त्यांनीच त्याचा ड्रायव्हरही लिहिला. दुभाषा मिळत नव्हता, तर त्याला येणारी भाषा बोलणारा माणूसच उभा केला म्हणा ना.

आत चाललेल्या एक्सपीने खोट्या कार्डाला दिलेल्या आज्ञा बाहेरचा प्रोग्रॅम झेलतो आणि खऱ्या कार्डाच्या नव्या ड्रायव्हरकडे सोपवतो. यात थोडा वेग जातो. अक्षरजुळणी, प्रश्नपत्रिका, शैक्षणिक सीडी यांना तो जाणवणार नाही, त्रिमिती खेळांना मात्र जाणवेल. एक्सपीचा परवाना आपल्याकडे असायला हवा, हे वेगळे सांगायला नको. या आभासी संगणकाचे इंटरनेट बंद ठेवावे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा देखभाल थांबवून तीन वर्षे झालेली असताना मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी खास दुरुस्ती काढावी लागली होती. दर वेळी कोणी तशी काढेलच असे नाही. इंटरनेट बंद असले तरी फाईल बाहेर काढता येतात, दोन्ही संगणकांना सामाईक असे एक कपाट ठरवून देता येते. वार्षिक अंकाची पाने एकदा बाहेर आली, की ती पीडीएफमध्ये उतरवून ठेवावीत आणि जमेल तितका मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

हा उपाय तोकडा पडतो तो खऱ्या वस्तू जोडायच्या असतात तेव्हा. जुन्या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरला कित्येकदा प्रिंटरच्या जागी लावायची एक कुलपाची डबी लागते. उपकरणांचे काही प्रोग्रॅम संगणकाच्या पोटात बसवलेल्या खास कार्डाशीच बोलतात. यूएसबीची डबी असेल तर ती आभासी संगणकाकडे सुपूर्द करता येते. सिरियल पोर्टवरचे उपकरण थोड्या खटपटीने चालते. पॅरलल पोर्टवरची डबी आणि जुने पीसीआय कार्ड यांची मात्र फारशी खात्री देता येत नाही. तिथे मेलेला संगणकच दुरुस्त करून घेणे शहाणपणाचे. बहुतेक वेळा त्याचा वीजपुरवठ्याचा डबा किंवा मदरबोर्डावरची फुगलेली कपॅसिटरे गेलेली असतात, आणि हार्ड डिस्क चांगली असली तर एक्सपीचा ग्राफिक्स ड्रायव्हर तिच्यावर अजून बसलेलाच असतो.